सासऱ्यांच्या नावावरचा फ्लॅट, वेगळा राहणारा नवरा आणि बंद झालेला घरखर्च

तुमची हकीकत मला समजली ती अशी. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगा तिसरीत. लग्नापासून सिंहगड रोडच्या ज्या फ्लॅटमध्ये राहता तो सासऱ्यांच्या नावावर. ते आणि सासूबाई साताऱ्याकडे गावी. नवरा तीन महिन्यांपूर्वी हिंजवडीला भाड्याने राहायला गेला आणि गेले दोन महिने त्याने घरात एक रुपया दिलेला नाही. शिकवण्यांचे तुम्हाला महिन्याला बारा हजार मिळतात. आता सासऱ्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत जागा खाली करा. कोल्हापूरहून भाऊ रोज फोन करतोय, ‘घर त्यांचं आहे, कशाला अपमान करून घेतेस, निघून ये.’ आणि तुम्ही विचारताय, घर सोडावं लागेल का, मुलाच्या फीचं काय करू, आणि ‘त्याने माझ्यावर कधी हात उचलला नाही, मग घरगुती हिंसाचाराचा अर्ज कुठल्या तोंडाने करू?’

भावाला सांगा, टेम्पो ठरवू नकोस. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ते एका पक्षाने दुसऱ्याला लिहिलेलं पत्र आहे, छापील लेटरहेडवर असल्यामुळे भीती वाटते इतकंच. त्यातली पंधरा दिवसांची मुदत त्या वकिलाने स्वतः ठरवलेली आहे. सोळाव्या दिवशी तुमचं सामान बाहेर काढण्याचा अधिकार ना सासऱ्यांना आहे, ना सोसायटीला, ना पोलिसांना. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम १७ सांगतं की विवाहित स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरावर तिचं नाव असो वा नसो. आणि कायद्याने घालून दिलेल्या मार्गाशिवाय तिला तिथून काढता येत नाही. ‘कायद्याने घालून दिलेला मार्ग’ म्हणजे दावा, समन्स, म्हणणं, सुनावणी, हुकूम. कुलूप बदलणं हा त्यातला मार्ग नाही.

घर सासऱ्यांचं आहे, हा भावाचा मुद्दा मात्र अगदीच पोकळ नव्हता. चौदा वर्षं तोच कायदा होता. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला होता की सामाईक घर म्हणजे नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा तो ज्या एकत्र कुटुंबाचा सदस्य आहे त्या कुटुंबाचं घर. सासू-सासऱ्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या घरावर सुनेचा निवासहक्क नाही. त्या काळात मी अनेक अशिलांना ‘ताई, या घरासाठी लढू नका, भाड्याचे पैसे मागा’ असंच सांगत होते. मग १५ ऑक्टोबर २०२० रोजी ‘सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा’ या दिल्लीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला. तिथेही घर सासऱ्यांच्याच नावावर होतं. न्यायालय म्हणालं, कायद्याची व्याख्या नीट वाचा : बाई कौटुंबिक नात्यात जिथे राहते किंवा राहिली आहे ते घर. मालकी कोणाची हा प्रश्न नंतरचा. फक्त ते राहणं कायमस्वरूपी बिऱ्हाडासारखं हवं. दिवाळीला चार दिवस नणंदेकडे राहिलात म्हणून नणंदेचं घर सामाईक होत नाही. तुमची तर नऊ वर्षं त्याच पत्त्यावर गेली, मुलाच्या शाळेत तोच पत्ता आहे, गॅसच्या पुस्तकावर तोच आहे. हे घर सामाईक घरच आहे.

पण याच निकालाचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, आणि काही वकीलही सोयीने विसरतात. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही, आणि तो अढळही नाही. सासरे रीतसर दावा लावू शकतात. पुण्यात असे दावे बहुधा लघुवाद न्यायालयात लागतात : ‘सुनेला आम्ही मायेपोटी राहू दिलं होतं, आता परवानगी काढून घेतली.’ अशा दाव्यात तुम्ही नुसता बचाव करत बसायचं नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या पुण्याच्याच एका प्रकरणात ठरलं आहे की सासऱ्यांच्या अशा दाव्यातही सून घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २६ खाली निवासहक्काचा प्रतिदावा, म्हणजे त्याच खटल्यात स्वतःची उलट मागणी, करू शकते. न्यायालय दोन्ही पारडी पाहतं. म्हाताऱ्यांची घराची गरज किती, सुनेला दुसरा आसरा आहे का, नवऱ्याची ऐपत काय. शेवटी बऱ्याचदा मधला मार्ग निघतो : सून घर सोडेल, पण आधी नवऱ्याने त्याच तोलामोलाची दुसरी जागा द्यावी किंवा तिचं भाडं भरावं. ही तरतूद कलम १९ मध्येच आहे. म्हणजे तुम्ही या फ्लॅटमध्ये आयुष्यभर राहाल असं मी सांगत नाहीये. रस्त्यावर येणार नाही, एवढं सांगतेय.

सासऱ्यांना एक दुसरी वाटही कोणीतरी सुचवेल : ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज. तिथे काम झटपट चालतं, पुरावे फारसे घेतले जात नाहीत, आणि मुलगा-सून दोघांना एका हुकुमात बाहेर काढता येतं. मुलगा आधीच बाहेर असेल तर खऱ्या अर्थाने कोणाला काढायचंय हे वेगळं सांगायला नको. १५ डिसेंबर २०२० च्या, बंगळुरूहून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सुनेचा निवासहक्क गुंडाळण्यासाठी हा कायदा हत्यार म्हणून वापरता येणार नाही. दोन्ही कायदे एकत्र वाचायचे. पण हे न्यायाधिकरणाला आपणहून सुचेल असं धरून चालू नका. तिथली नोटीस आली तर पहिल्याच तारखेला हजर राहा, लेखी म्हणणं द्या, आणि घरगुती हिंसाचाराचा अर्ज आधीच दाखल असेल तर त्याची प्रत जोडा. ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा. नंतर केलेला अर्ज उत्तरादाखल रचलेला वाटतो.

आता तुमचा अवघड प्रश्न. हात उचलला नाही, मग हिंसाचार कसला?

कायद्यातला शब्द आपल्या बोलण्यातल्या शब्दापेक्षा बराच मोठा आहे. कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चार प्रकार आहेत. घरखर्च बंद करणं, मुलाची फी थांबवणं, राहत्या घराचा वापर अडवणं, घरातल्या वस्तू किंवा मालमत्ता परस्पर विकणं हा आर्थिक छळ. तुमच्याकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी बँकेच्या उताऱ्यावर दिसतात आणि तिसरी वकिलाच्या लेटरहेडवर लिहून आली आहे. मारहाणीच्या कहाण्या जोडू नका. काही ठिकाणी अर्ज ‘वजनदार’ करायला ठरावीक चार परिच्छेद चिकटवले जातात : सासू उपाशी ठेवायची, हुंड्यासाठी चटके दिले, वगैरे. ज्यांच्या बाबतीत ते घडलंय त्यांनी जरूर लिहावं. न घडलेलं लिहिलंत तर उलटतपासात तुम्ही पडाल, आणि पडताना खरा मुद्दाही घेऊन पडाल. शिवाय हा मूळचा दिवाणी स्वरूपाचा दिलासा आहे. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे असला तरी अर्ज केल्यावर नवऱ्याला अटक होत नाही. हुकूम मोडला तर फौजदारी सुरू होते. ‘त्याच्या नोकरीवर गदा येईल’ ही भीती तुमच्या मनात कोणी घातली असेल तर ती काढून टाका.

पैशाकडे वळते. पोटगीला, आमच्या तालुक्याच्या कोर्टात ज्याला अजून खावटी म्हणतात, तीन मुख्य दारं आहेत. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ : पण ते दार घटस्फोट, नांदायला येण्याचा किंवा तसा मूळ अर्ज प्रलंबित असेल तरच उघडतं. तुमच्यापैकी कोणीच अजून काही दाखल केलेलं नाही, तेव्हा ते आज बंद. दुसरं, पूर्वीचं फौजदारी संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. पुण्यात हा अर्ज कुटुंब न्यायालयात जातो. तिसरं, घरगुती हिंसाचार कायदा : कलम १२ चा अर्ज, त्यात कलम १९ खाली निवास, कलम २० खाली पैसे, आणि कलम २३ खाली हे सगळं अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंत. तुमच्यासाठी मी तिसरं दार निवडेन, कारण घर आणि पैसा एकाच अर्जात, एकाच टेबलावर येतात. ते एकत्र का यायला हवेत ते पुढे हिशेबातून दाखवते. उद्या नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला की कलम २४ उघडेल, तेव्हा तिथे खटल्याचा खर्च मागता येईल.

तिन्ही दारं एकदम ठोठावून तिप्पट पैसे मिळतात हा गैरसमज मात्र नको. ४ नोव्हेंबर २०२० च्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ निकालानंतर आधीच्या प्रत्येक अर्जाची आणि हुकुमाची माहिती द्यावी लागते, आणि एका ठिकाणी मिळणारी रक्कम दुसऱ्या ठिकाणच्या रकमेतून वळती, म्हणजे वजा, होते. हा निकाल आपल्याकडच्याच प्रकरणातून आला, नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून. तिथे २०१३ च्या ऑगस्टमध्ये पत्नीला दरमहा १५,००० आणि लहान मुलाला ५,००० अंतरिम पोटगी ठरली होती. ती थकली, उच्च न्यायालय झालं, सर्वोच्च न्यायालय झालं, आणि २०२० उजाडलं. सात वर्षं, अंतरिम रकमेवर! बावीस वर्षांच्या वकिलीत मी हेच पाहत आलेय. ‘तात्पुरता’ हुकूम हा कागदावरचा शब्द आहे. मूळ खटला निकाली निघेपर्यंत मूल तिसरीतून आठवीत जातं, आणि त्या सगळ्या वर्षांचा किराणा, फी, छप्पर या एका अंतरिम हुकुमावर चालतं. म्हणून लोक अंतिम सुनावणीसाठी जी ताकद राखून ठेवतात ती मी अंतरिम अर्जातच ओतते. ‘सध्या काहीतरी घेऊ, नंतर वाढवून मागू’ असं कोणी सुचवलं तर मान डोलवू नका.

त्याच निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. त्याचा छापील नमुना आहे. पगार, बँक खाती, गुंतवणूक, गाड्या, विमा, कर्जं, राहणीमान, सगळं. हे शपथपत्र म्हणजे तुमचा अर्धा खटला. घाईने, पेट्रोल पंपावर फॉर्म भरल्यासारखं ते भरू नका.

शिकवण्यांचे बारा हजार लिहा. अगदी ठळकपणे लिहा. तुम्ही पत्रात ‘हे दाखवलं तर पोटगी बुडेल ना?’ असं विचारलंय. नाही बुडत. कमावती आहे एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही. ती कमाई नवऱ्याच्या घरी जसं राहणं होतं तसं राहायला पुरते का, हे बघायचं असतं. लपवलेले बारा हजार मात्र नक्की बुडवतात, कारण पालकांनी यूपीआयने केलेले व्यवहार उताऱ्यावर असतात, आणि समोरचा वकील ते दाखवतो तेव्हा न्यायाधीशांची पेन ठेवण्याची पद्धत बदलते.

आता हिशेब. तुमच्या माहितीप्रमाणे नवऱ्याच्या हातात कर आणि भविष्यनिर्वाह निधी कापून १,१०,००० येतात. मी तुमच्या आकड्यांवरून महिन्याचं खर्चाचं पान लिहून पाहिलं : किराणा, दूध, भाजी, गॅस १४,०००, सोसायटीचा मेंटेनन्स ३,८००, वीज, इंटरनेट, मोबाइल २,७००, शाळेची वर्षाची फी ९६,००० म्हणजे महिना ८,०००, स्कूलबस २,२००, औषधपाणी २,५००, कपडे, प्रवास, किरकोळ ४,८००. बेरीज ३८,०००. तुमचे बारा वजा केले की २६,००० ची तूट. ही झाली या घरात राहून.

आता हे घर सोडलंत असं समजा. त्याच भागात, मुलाची शाळा न बदलता, छोटी जागा १८,००० ला मिळाली असं धरू. मेंटेनन्सचे ३,८०० वाचले, भाड्याचे १८,००० आले. तूट ४०,२०० वर गेली, शिवाय डिपॉझिट. घर आणि पैसा ही दोन भांडणं नाहीत असं मी म्हणते ते यामुळे. सासरे ज्या दिवशी तुम्हाला बाहेर काढतील त्या दिवशी त्यांच्या मुलाच्या खिशातून दरमहा चौदा हजार जास्त जातील. ही बेरीज मी तडजोडीच्या टेबलावर कागदावर मांडते, आवाज न चढवता. सासरे रागाने आलेले असतात, पण हिशेब साताऱ्याच्या माणसाला कळतो. बऱ्याच नोटिसा तिथेच थंडावतात.

किती मिळेल? २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम पत्नीसाठी रास्त मानली. तेव्हापासून ‘पंचवीस टक्के’ हा जणू सरकारी दर झाल्यासारखं बोललं जातं. तो सूत्र नव्हे, एका प्रकरणातला अंदाज आहे. तुमच्या बाबतीत २५ टक्के म्हणजे २७,५००, आणि मुलाचं वेगळं. पण तुमचं उत्पन्न आणि राहतं घर बघून न्यायालय ते खाली आणेल. माझा अंदाज विचाराल तर घरात राहून तुम्हा दोघांना मिळून पंचवीस ते तीस हजार. घराबाहेर गेलात तर चाळीसच्या आसपास. मागताना पंच्याहत्तर हजार मागू नका. फुगवलेल्या मागणीला कात्री लागते आणि ती कधीकधी खऱ्या खर्चालाही लागते. वर लिहिलंय तसं पान, पावत्यांसह, जोडा.

नवऱ्याच्या बाजूने काय येईल तेही मला पाठ आहे. हिंजवडीचं भाडं २४,०००, गाडीचा हप्ता १४,०००, आईवडिलांना दहा, विमा, म्युच्युअल फंड, आणि उरले इतकेच. कर आणि सक्तीच्या कपाती वजा होतात; स्वतःच्या मर्जीने घेतलेली कर्जं आणि बचत न्यायालयं सहसा वजा करत नाहीत. आईवडिलांची जबाबदारी धरली जाते, पण सासऱ्यांना पेन्शन असेल तर ते दाखवा. आणि ‘तिचं एमएससी झालंय, ती कमवू शकते’ हे येईलच. कमवू शकणं आणि कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. नोकरी सोडून दाखवणारे नवरेही मी पाहिलेत. धडधाकट, शिकलेल्या माणसाची मिळवण्याची ताकद न्यायालय धरतंच, त्यामुळे तो डाव फार काळ चालत नाही.

त्याचे पगाराचे कागद तुमच्याकडे नसतील तर घाबरू नका. त्याच्या मेलमध्ये किंवा मोबाइलमध्ये पासवर्ड टाकून शिरू नका. ते वेगळं प्रकरण होऊन बसेल. घरातल्या कपाटात असलेला जुना फॉर्म १६, घरभाड्यासाठी दिलेली पगारपत्रकं, जॉइंट खात्याचा उतारा, एवढं पुरे. बाकी त्याचं शपथपत्र आल्यावर कंपनीला कागद हजर करायला सांगण्याचा अर्ज करता येतो.

एक गोष्ट तारखेची. ‘रजनेश’ निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. हुकूम आठ महिन्यांनी झाला तरी थकबाकी त्या आठ महिन्यांची मिळते. पण अर्ज करायलाच तुम्ही महिना घालवलात, तर तो महिना गेला. उलट, गेल्या दोन महिन्यांत बहिणीकडून उसने घेऊन भरलेली फी कलम २० खाली झालेला खर्च म्हणून वेगळी मागा. उसनवारीचा बँक व्यवहार जोडा.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत करण्याचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात आल्यावर ते वाक्य भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटतं. नोटीस बजावली गेली नाही, समोरच्याला म्हणणं द्यायला वेळ हवा, साहेब रजेवर. म्हणून अर्जासोबतच ठरावीक नमुन्यातलं शपथपत्र देऊन कलम २३(२) खाली एकतर्फी अंतरिम हुकूम मागा, पण मोजका : जैसे थे ठेवा, घरातून काढू नका, वीज-पाणी तोडू नका, फ्लॅट विकू किंवा बक्षीसपत्र करू नका. पैशाचा हुकूम समोरच्याला ऐकल्याशिवाय देताना न्यायालयं बिचकतात. निवासाच्या संरक्षणाला तितकी बिचकत नाहीत. हुकूम मिळाला की प्रत सोसायटीच्या सचिवांना आणि पोलीस ठाण्यात त्याच दिवशी पोच घेऊन द्या.

अर्जात प्रतिवादी दोघेच करा : नवरा, आणि घराचा मालक म्हणून सासरे. सासू-नणंदेलाही प्रतिवादी करता येतं हे खरं, पण करता येतं म्हणून करायचं नसतं. बारामतीच्या नणंदेला या प्रकरणात ओढलंत तर पुढची चार वर्षं तिच्या गैरहजेरीच्या अर्जांवर जातील आणि तडजोडीची एक चांगली मध्यस्थ तुम्ही गमवाल.

कोल्हापूरला गेलात तर हक्क जातो का? कागदावर नाही. कायदा ‘राहते किंवा राहिली आहे’ असं म्हणतो, आणि तुम्ही तात्पुरत्या राहता तिथल्या न्यायालयातही अर्ज चालतो, म्हणजे कोल्हापूरला बसून पुण्याच्या घरासाठी मागणी करता येते. व्यवहारात मात्र आत असलेल्या बाईला न काढण्याचा हुकूम मिळवणं आणि बाहेर पडलेल्या बाईला पुन्हा आत घालण्याचा हुकूम मिळवणं यांत फार अंतर आहे. दुसऱ्यात कुलूप, पोलीस, सासरच्यांचं सामान, कदाचित तोवर ठेवलेला भाडेकरू. जिवाला धोका असेल तर यातलं काहीही ऐकू नका, त्याच रात्री निघा. तुमच्याकडे तसं नाही. सुट्टीत चार दिवस जायचं झालंच तर नवऱ्याला मेसेज करून जा : मुलाच्या सुट्टीपुरती माहेरी जातेय, अमुक तारखेला परत येते. किल्ली कोणाकडेही देऊ नका. स्त्रीधनाचे दागिने घरात ठेवून जाऊ नका. सासूबाईंच्या लॉकरमध्ये असतील तर परत मागण्याचा मुद्दा याच अर्जात घाला.

मी नवऱ्यांचीही प्रकरणं घेते, म्हणून दोन शब्द त्या बाजूने. घर सोडलेल्या प्रत्येक नवऱ्याला मी सांगते, न्यायालयाने सांगण्याची वाट बघू नका, दर महिन्याला काहीतरी बँकेतून पाठवा. ते पुढे वळतं होतं आणि शिवाय तुम्ही माणूस म्हणून उभे दिसता. कलम २४ नवऱ्यालाही खुलं आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या एका शिक्षिकेने माजी पतीला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी हा हुकूम कायम केला होता. आणि तुमच्या सासऱ्यांबद्दल : त्यांनी निवृत्तीचे पैसे घालून तो फ्लॅट घेतला असेल, आता मुलाच्या भांडणात तो अडकला, याचा त्यांना होणारा त्रास खरा आहे. त्यांना शत्रू समजून बोलू नका. त्यांना घर हवंय, तुम्हाला छप्पर हवंय, आणि दोन्हींची किंमत द्यायची जबाबदारी हिंजवडीला बसलेल्या माणसाची आहे. कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशकांपुढे हे वाक्य मी कितीदा तरी म्हटलंय. तिथे मुदतीची तडजोड झाली, म्हणजे समजा शाळेचं वर्ष संपेपर्यंत तुम्ही इथे आणि मग नवऱ्याने भाडं भरायचं, तर ती तोंडी ठेवू नका; पुरशिस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, न्यायालयात दाखल करून त्यावर हुकूम घ्या.

हुकूम झाल्यावर पैसे आले नाहीत तर? कलम १४४ च्या पोटगीचा वसुली अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत दीड वर्ष थांबलेल्या बायकांचे पहिले सहा महिने अशा अर्जातून निसटतात. दर तीन-चार महिन्यांनी अर्ज करा. थकबाकीसाठी तुरुंगात जाऊन आला तरी रक्कम फिटत नाही. घरगुती हिंसाचार कायद्यात त्याहून कामाची सोय आहे : कलम २०(६) खाली न्यायालय थेट कंपनीला पगारातून रक्कम तुमच्या खात्यात भरायला सांगू शकतं. आयटीतल्या पगारदार नवऱ्याच्या बाबतीत मी ही मागणी मूळ अर्जातच लिहून ठेवते. हुकूम कमी रकमेचा झाला तर सत्र न्यायालयात अपिलाला तीस दिवस आहेत.

खर्चाची काळजी लिहिली होतीत. पोटगी आणि घरगुती हिंसाचाराच्या कामात महाराष्ट्रात महिलांना न्यायालय शुल्क माफ आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. मुस्लिम, ख्रिश्चन किंवा नोंदणी पद्धतीने लग्न झालेल्या कोणी हे वाचत असतील तर घराबद्दल आणि कलम १४४ बद्दल जे लिहिलंय ते त्यांनाही तसंच लागू आहे. फक्त कलम २४ च्या जागी त्यांचा त्यांचा विवाह कायदा येतो.

या आठवड्यात करायचं ते सांगते. नोटिशीला उत्तर मुदतीच्या आत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने. चार ओळी पुरतात : लग्नापासून मी आणि मुलगा इथे राहतो, हे सामाईक घर आहे, नवऱ्याने घरखर्च बंद केला आहे, कायदेशीर प्रक्रियेशिवाय ताबा घेण्याचा प्रयत्न झाल्यास दाद मागेन. सासऱ्यांच्या मालकीवर शंका घेणारं एकही वाक्य त्यात नको. संरक्षण अधिकाऱ्यांकडे (याच कायद्याखाली नेमलेले सरकारी अधिकारी) जाऊन घटनेचा अहवाल नोंदवता आला तर बरं, पण त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. तो अहवाल असल्याशिवाय अर्ज चालत नाही असं नाही. आणि या महिन्याचा सोसायटीचा मेंटेनन्स तुमच्या स्वतःच्या खात्यातून, चेकने भरा, पावतीवर ‘रहिवासी म्हणून भरले’ असं लिहून घ्या. तीन हजार आठशे रुपये आत्ता जड जातील, तरी भरा; थकबाकीचं कारण सांगून सोसायटी सासऱ्यांना पत्र देते आणि ते पत्र पुढच्या तारखेला समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये असतं.